प्रयोगशाळेमागचे टेबल आणि भाचीचा प्रश्न

दर रविवारी वंदना आटोपली की आम्ही तासभर विहाराच्या ओट्यावर बसतो. कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कोणाचा जातीचा दाखला प्रांत कार्यालयात अडकलेला असतो, कोणाच्या मुलाला दहावीनंतर आयटीआय की अकरावी असा पेच पडलेला असतो. सरकारी कागदाशी वीस वर्षे झटापट केली, तेवढीच आमची पुंजी. ती वस्तीच्या उपयोगी पडते म्हणून आम्ही बसतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी सर्वांत शेवटी आमची भाची पुढे आली. घरचीच मुलगी. घरी येऊनही विचारता आले असते. पण ती सगळ्यांसारखी रांगेत बसली होती. तेव्हाच आम्ही ओळखले की प्रश्न साधा नाही.

भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत एवढे शिकलेली पहिलीच. एका संशोधन संस्थेत प्रकल्पावर कंत्राटी काम करते. प्रकल्प ३१ मार्चला संपतो आणि त्याबरोबर तिचा पगारही संपतो. ती म्हणाली, "मामा, प्रयोगशाळेत कायम जागा निघेल असं दिसत नाही. आमच्या मॅडम म्हणतात, तू संशोधन-व्यवस्थापनात जा. विज्ञानही कळतं, कागदही कळतात, तिथं तुझं चांगलं होईल. एक वर्षाचा कोर्स आहे, फी सव्वा लाख. आई पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहे. पण सगळे म्हणतात की हे काम आता एआय करणार. मग कर्ज काढायचं का नाही, ते सांगा."

आमची ताई शिवणकाम करते. ब्लाउजमागे किती रुपये सुटतात हे आम्हाला माहीत आहे. सव्वा लाखाला किती ब्लाउज होतात, हा हिशेब आम्ही मनात करून पाहिला आणि उत्तर न देता पाणी प्यायला उठलो. यापूर्वी एकदा असेच एका पोराला आम्ही तिथल्या तिथे, मोठ्या खात्रीने उत्तर दिले होते. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

आधी हे संशोधन-व्यवस्थापन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांतून हा शब्द कोणी ऐकलेला नसतो. आम्ही स्वतः बी.कॉम., हुद्द्याने कारकून. एका सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संशोधन संस्थेच्या प्रकल्प विभागात गेली वीस वर्षे काम करतो. संस्थेचे नाव येथे देत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. एवढी वर्षे हे काम करूनही याला व्यवस्थापन म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला 'टेबल' म्हणतो. खरेदीचे टेबल, मनुष्यबळाचे टेबल, ऑडिटचे टेबल.

शास्त्रज्ञ प्रयोग करतात हे सर्वांना दिसते. पण प्रयोगाला पैसा लागतो. तो मिळवायला प्रस्ताव लिहावा लागतो आणि प्रस्तावात प्रत्येक खर्चाचे शीर्ष मांडावे लागते: उपकरणे, रसायने, माणसांचे मानधन, प्रवास, संस्थेचा वरखर्च. पैसा आला की तो त्या त्या शीर्षातच खर्च करायचा. उणे ८० अंशांचे शीतकपाट घ्यायचे तर कोटेशन, तुलनात्मक तक्ता, समिती, मंजुरी. वर्षअखेर युटिलायझेशन सर्टिफिकेट, ज्याला आम्ही नुसते 'यूसी' म्हणतो, ते २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १२-अ नमुन्यात भरून दिल्लीला पाठवायचे. ते वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता येत नाही, आणि हप्ता आला नाही की पहिल्यांदा कोणाचे पैसे थांबतात? प्रकल्पावरच्या पोरापोरींचे. जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला दरमहा ३७,००० रुपये ठरले. चांगली रक्कम आहे. पण ती चार चार महिने अडकली की खोलीचे भाडे कोणाकडून उसने आणायचे हा प्रश्न त्या पोराचा असतो, नियमाचा नसतो. याशिवाय माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल तर नीतिसमितीची परवानगी, शोध लागला तर पेटंट, संपल्यावर अहवाल. हे सगळे मिळून जे होते ते संशोधन-व्यवस्थापन. अमेरिकेत या कामाच्या माणसांची राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे. आपल्याकडे मात्र हा वेगळा पेशा आहे असे म्हणायला लोक आता आता लागले आहेत. पीएच.डी. झालेले लोकही या टेबलांकडे वळू लागले आहेत.

या कामाची एक आठवण सांगतो. आम्ही नवे होतो तेव्हाची. परदेशातून काही औषधद्रव्ये कोरड्या बर्फात घालून आली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी सहारच्या कार्गोत अडकली. सवलतीच्या दाखल्यावर संस्थेच्या नावात एक अक्षर चुकले होते. साहेब परगावी. शनिवार-रविवार गेला असता तर बर्फ उडून गेला असता, आणि त्या डब्यात एका मुलीचे दोन वर्षांचे काम होते. आमचे हेडक्लार्क, रिटायर व्हायला दोन वर्षे राहिलेले गृहस्थ, ते दुरुस्त पत्र टाइप करून संचालकांच्या घरी गेले, सही घेतली, लोकलने अंधेरीला उतरले आणि कार्गोच्या शेडमधल्या माणसाला भाऊ-दादा करून डब्यात नवा बर्फ घालायला लावला. माल सोमवारी सुटला. त्या मुलीच्या प्रबंधात आभारप्रदर्शन आहे, त्यात हेडक्लार्कचे नाव नाही. त्यांना वाईट वाटले असेही नाही. ते म्हणाले, "माझं नाव पगारपत्रकात असलं म्हणजे पुरे."

असो. आता हे कागद संगणकावरून जातात, आणि कागद तयार करायला हे नवे यंत्र आले आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले तेव्हा आमच्या विभागात त्याची थट्टाच झाली. कोणी त्याच्याकडून वाढदिवसाच्या कविता करून घेतल्या. मग हळूहळू शास्त्रज्ञ मंडळी प्रस्तावाची इंग्रजी त्याच्याकडून घासूनपुसून घेऊ लागली. यात गैर काय, असे आम्हाला वाटले. इंग्रजी माध्यमातला मुलगा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा यांच्या प्रस्तावांत जो भाषेचा फरक पडायचा, तो कमी झाला. ही गोष्ट आपल्या मुलांच्या फायद्याची आहे आणि ती कबूल केलीच पाहिजे. आमच्याकडे एक विद्यार्थी होता, विदर्भातला. डोके उत्तम, पण इंग्रजीच्या भीतीने प्रस्ताव लिहायला बसला की घाम फुटायचा. त्याने या यंत्राच्या मदतीने मसुदा केला, आम्ही आकडे तपासले आणि प्रस्ताव मंजूर झाला.

पुढे संस्थेने स्वतःची एक प्रणाली विकत घेतली. ती बिलाचा फोटो वाचते, रक्कम योग्य शीर्षात टाकते, तीन कोटेशनांचा तक्ता करते, बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकून इतिवृत्त लिहिते. जे काम करायला आम्हाला दिवस लागायचा ते चहा पिऊन येईपर्यंत तयार असते. खोटे कशाला बोला, पहिले काही दिवस आम्हाला बरे वाटले. मार्च महिन्यात पहिल्यांदाच आम्ही रात्री आठच्या आत घरी पोचलो. सौभाग्यवतींनी ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

मग त्या पोराचे झाले. आमच्या वस्तीतलाच. बाप नाक्यावर बिगारी. २०१६ साली तो असाच आमच्यासमोर विहारात बसला होता. बारावीला वाणिज्य शाखेतून पास. त्याने विचारले, पुढे काय करू? आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, "एमएस-सीआयटी कर, टायपिंग कर, टॅली शीक. डेटा एन्ट्रीचं काम कधी संपत नाही. जन्मभर पोट भरेल." पोराने ऐकले. सगळे केले. २०१८ मध्ये एजन्सीमार्फत तो आमच्याच विभागात लागला आणि सात वर्षे बिले चढवणे, तक्ते करणे, इतिवृत्त टाइप करणे हेच करत राहिला. बोटे अशी चालायची की बघत राहावे. गेल्या वर्षी एजन्सीचे कंत्राट संपले, नवे झाले, पण नव्या कंत्राटात माणसे निम्मी होती आणि त्यात तो नव्हता. कोणी त्याला एआयमुळे काढले असे म्हटले नाही. कोणी काहीच म्हटले नाही. आता तो संध्याकाळी मोटारसायकलवरून जेवणाची पार्सले पोचवतो. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून "जयभीम काका" म्हणतो. त्याच्या जयभीममध्ये जराही राग नसतो आणि म्हणूनच आम्हाला त्याच्याकडे नीट बघवत नाही.

वाचकहो, यंत्र कोणाची नोकरी खाते याची चर्चा मोठमोठे लोक करतात. ती साहेबांची की शास्त्रज्ञांची, यावर परिसंवाद होतात. आमच्या टेबलावरून जे दिसले ते असे की पहिल्यांदा जाते ती सर्वांत खालची पायरी. आणि आमच्यासारखे लोक या इमारतीत शिरले ते त्याच पायरीवरून. आम्ही आवक-जावक बारनिशीपासून सुरुवात केली. बिले चढवता चढवता शीर्षे कळली, शीर्षे कळली तेव्हा नियम कळले, आणि नियम कळल्यावर कोठे साहेब विचारू लागले की हे बसते का हो? त्याला दहा वर्षे लागली. आता ती पायरीच काढून घेतली तर वरच्या टेबलावर येणार कोण? जो थेट वरून येईल तो. त्याचे घराणे, शाळा, ओळख यांच्या बळावर. शिवाय एजन्सीच्या माणसांत आरक्षणाचा हिशेब कोणी मागत नाही, आणि कायम पद फार काळ रिकामे राहिले की ते रद्द समजले जाते. यंत्राने काम भागते म्हटल्यावर ते भरायची घाई कोणाला असणार?

ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाही. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत त्रासनखात्यात होते. पगार साचेखात्यात जास्त. पण तेथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. आजोबा हे सांगायचे तेव्हा यंत्राला कधी दोष देत नसत. यंत्राजवळ कोणाला उभे राहू द्यायचे हे ठरवणाऱ्यांना देत. वडिलांची गोष्ट वेगळी. ते बदली कामगार होते, १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे इमारतींवर रात्रपाळीचा वॉचमन. म्हणून आम्हाला बी.कॉम. केले, की याला तरी टेबल-खुर्ची मिळावी.

आता यंत्राची दुसरी बाजू. ते चुकते, आणि चुकताना अडखळत नाही. आमच्याकडचा किस्सा सांगतो. एका प्रयोगशाळेला एक लाख साठ हजारांचे एक यंत्र हवे होते. प्रणालीने टिपणी तयार केली की रक्कम एक लाखावर आहे, सबब खरेदी समिती नेमावी, तीन कोटेशने घ्यावीत. भाषा सुरेख, नियमाचा क्रमांक बरोबर. नवीन आलेल्या अधिकाऱ्याने सही केली. समिती बसायला तीन आठवडे गेले. वास्तविक जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी ही मर्यादा वाढवली होती. कोटेशनशिवाय थेट खरेदी एक लाखाऐवजी दोन लाखांपर्यंत, आणि समितीमार्फत दहाऐवजी पंचवीस लाखांपर्यंत. प्रणालीच्या पोटात जुनाच नियम होता. आणि मजा अशी की नव्या आदेशाची प्रत आमच्याच कपाटाच्या दारावर चिकटवलेली होती. ती चिकटवली होती त्या पोराने, जाण्याच्या आधी. तो असता तर त्याने टिपणी बघताच म्हटले असते, "काका, हे जुनं आहे." आम्ही त्या आठवड्यात रजेवर होतो.

ही आमच्या टेबलापुरती गोष्ट झाली, तीन आठवड्यांवर भागले. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये एका बड्या सल्लागार कंपनीने तेथील सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल करून दिला. त्यात अस्तित्वातच नसलेल्या संशोधनलेखांचे दाखले निघाले. यंत्राने रचलेले. कंपनीला काही पैसे परत करावे लागले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच न घडलेले खटले कोर्टात दाखवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. दंड यंत्राने भरला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांच्या हाती संशोधनाचा पैसा आहे तेही आता सावध झाले आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्था ही वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी जगातली फार मोठी संस्था. तिने जून २०२३ मध्ये समीक्षकांना बजावले की आलेले प्रस्ताव एआयच्या यंत्रात घालून मत बनवायचे नाही, कारण प्रस्ताव गुप्त असतो आणि यंत्रात घातला की तो कोठे जाईल याचा भरवसा नाही. दोन वर्षांनी तिला दुसराच ताप झाला. यंत्राने प्रस्ताव लिहिणे इतके सोपे झाले की एकेका शास्त्रज्ञाकडून ढिगाने अर्ज येऊ लागले, एकाने तर एकाच फेरीत चाळीसच्या वर पाठवले. तेव्हा सप्टेंबर २०२५ पासून नियम केला की एका मुख्य संशोधकाने वर्षाला सहाच अर्ज करायचे, आणि मुख्यतः एआयने लिहिलेला अर्ज त्याचा स्वतःचा समजला जाणार नाही. चीनमध्ये तर २०१९ च्या आधीपासूनच कोणता प्रस्ताव कोणत्या समीक्षकाकडे पाठवायचा हे यंत्राने ठरवून पाहण्याचा प्रयोग सरकारी निधी संस्थेने चालवला होता. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले की कार्यालयाच्या संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक असली साधने वापरू नका, सरकारी कागद बाहेर जाण्याचा धोका आहे.

हे आम्ही भाचीला त्याच संध्याकाळी ताईच्या घरी बसून सांगितले. या नियमांतून एक काम नव्याने उभे राहते आहे. कोणता कागद यंत्रात घालायचा, कोणता नाही, यंत्राने दिलेले कोणी तपासायचे, चुकले तर सही कोणाची. ते काम करायला विज्ञान कळणारा माणूस लागतो. आम्हाला ते नीट जमत नाही हे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही. आम्हाला रसायनाची किंमत कळते, ते कशाला लागते ते कळत नाही. एकदा बारा लाखांच्या यादीत एक वस्तू दोनदा वेगवेगळ्या नावांनी आली होती. आम्ही सही केली, यंत्रानेही पास केली. एका विद्यार्थिनीने येऊन सांगितले की ही दोन्ही एकच आहेत. भाचीला ते कळले असते.

पैसाही या क्षेत्रात येतो आहे, निदान कागदावर तरी. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा झाली, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. तो किती येतो ते दिसेलच. जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नावीन्य यांसाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. पैसा आला की त्याचा हिशेब देणारा लागतो. खुद्द विज्ञानातही यंत्राने मोठे काम केले आहे, ते भाचीनेच आम्हाला समजावले. प्रथिनांची घडण ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीसाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना विभागून मिळाले. त्या प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आकार काढून ठेवले आहेत. भाची म्हणाली, "मामा, आकार काढला तरी तो बरोबर आहे का हे बघायला आमच्या मॅडम प्रयोगच करतात." आम्ही म्हटले, "मग आमच्या टेबलावरही तेच आहे."

"म्हणजे कर्ज काढू?" ताईने विचारले. ती मशीनवर बसूनच ऐकत होती.

आम्ही सांगितले, कर्ज काढू नका. वर्षभराच्या कोर्समध्ये जे शिकवतील त्यातला प्रस्ताव लिहिण्याचा, तक्ते करण्याचा भाग हे यंत्र दोन वर्षांत फुकट करील. नियम, ऑडिट, पेटंटचा कायदा, नीतिसमितीचे काम हा भाग टिकणारा, पण तो वर्गात बसून येत नाही, टेबलावर बसून येतो. तेव्हा पगार कमी असला तरी एखाद्या मोठ्या प्रकल्पात समन्वयकाची जागा बघ. प्रयोगशाळेतला अनुभव आहे, तो वाया घालवू नकोस. रविवारी आमच्याकडे ये, सामान्य वित्तीय नियमांचे पुस्तक आपण पहिल्या पानापासून वाचू. आणि हे यंत्र चालवायला शीक, आमच्यासारखी त्याच्यापासून लांब राहू नकोस. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना निवेदन दिले, त्यात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे मदत मागितली होती, हेही आम्ही सांगितले. आम्हाला वाटले, चांगले बोललो.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, राग मानू नका. त्या दादालाही तुम्ही असंच खात्रीनं सांगितलं होतं."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ताईने मशीन थांबवली आणि पोरीला रागे भरू लागली, तेव्हा आम्हीच म्हटले की बोलू दे तिला. ती म्हणाली, तुम्ही सांगता ते पटतं, पण दोन वर्षांनी समन्वयकाचं कामही यंत्र करणार नाही कशावरून? आम्ही सांगितले की कशावरूनही नाही. आम्हाला एवढेच दिसते की सही करणारा आणि जाब देणारा माणूस लागेल. अशी माणसे आज चार लागत असतील तर उद्या दोन लागतील. त्या दोघांत आपले कोणी असेल की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुझ्या एकटीच्या हुशारीवर ठरणार नाही. त्यासाठी संघटनेने पदभरतीचा प्रश्न लावून धरला पाहिजे, यंत्र आणताना जुन्या माणसांना नवे काम शिकवा ही मागणी केली पाहिजे. आमच्या कर्मचारी संघटनेच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला होता. चहा आणि समोसे येईपर्यंत चर्चा झाली, मग महागाई भत्त्याचा विषय निघाला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्या पोराला घरी जाऊन बोलावले. जाताना पाय जड झाले होते. त्याला म्हटले, नियमांचे पुस्तक वाचायला बसतोय, तूही ये. तो हसला आणि म्हणाला, "काका, पुस्तक कशाला, मला पाठ आहे." खरोखर पाठ आहे. आता आठवड्यातून एकदा तिघे बसतो. तो भाचीला शीर्षे, कोटेशन, यूसीचे नमुने सांगतो, ती त्याला फोनवर त्या यंत्राला प्रश्न कसे विचारायचे ते दाखवते. मग तो यंत्राच्या उत्तरातल्या चुका काढतो. एका तासात त्याने चार काढल्या. खुणा करायला लाल पेन होता, तो आमचा होता. जाताना त्याच्याबरोबर गेला.

भाचीने एका प्रकल्पात समन्वयक-सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला आहे. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. त्याच प्रकल्पात लेखा सहायकाची एक जागा आहे, पदवीची अट आहे. पोराचे पदवीचे शेवटचे वर्ष राहिले होते. मुक्त विद्यापीठातून ते पूर्ण करायचे म्हणून त्याने चौकशी केली आहे, पण या वेळेला ते जमणार नाही. पतपेढीचा कर्जाचा अर्ज ताईने अजून फाडलेला नाही. घडी करून शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.